अर्धी ओळ

माझ्या दुकानातल्या पावती-पुस्तकात 'बिघाड' असा एक रकाना आहे. तीस वर्षांत तो भरताना कधी अडलो नाही. चित्र नाही, आवाज नाही, एलओटी गेला, सप्लाय उडाला, मागून उंदीर शिरला. गेल्या चार-पाच वर्षांत मात्र अशी गिऱ्हाइकं येऊ लागली की तिथे पेन थबकतं. आणलेली वस्तू चालू असते. घरचा टीव्ही तर नवा कोरा, वॉरंटीतला. दोघांची गाठ घातली की पडद्यावर काही नाही, किंवा जे आहे ते बघवत नाही. आता बिघाड कोणाच्या नावावर टाकू?

सुरुवात बँकेतल्या एका साहेबांपासून झाली. चाळिशीचे असतील. दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर सापडलेला व्हिडिओ गेम कापडी पिशवीत घालून ते साताऱ्यातल्या माझ्या दुकानात आले. सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा. पिशवीतून निघालं ते असं: मूळचा पांढरा पण आता पिवळट पडलेला डबा, डब्यालाच वायरने जोडलेले दोन रिमोट, एक बंदूक, एक अ‍ॅडॉप्टर आणि चार पिवळ्या कॅसेटी. कार्ट्रिज हा शब्द आमच्याकडे कधी रुळलाच नाही. गाण्याचीही कॅसेट आणि मारिओचीही कॅसेटच. एकीवर '९९९९९९९ इन वन' छापलेलं होतं. आत मोजून सात-आठ गेम, बाकी तेच पुन्हा पुन्हा, नावं बदलून.

"भाऊ, दोन दिवस झटतोय," साहेब म्हणाले. "पंचावन्न इंची टीव्ही, मागे इतकी भोकं, पण ह्याची वायर एकातही जात नाही. आणि ह्याला सांगून बसलोय, पप्पा लहानपणी काय खेळायचे ते दाखवतो म्हणून."

मुलाचं लक्ष बंदुकीकडे होतं.

आधी अ‍ॅडॉप्टर तपासला. माळ्यावरून आलेल्या वस्तूला सरळ करंट द्यायचा नाही, हा माझा नेम. अ‍ॅडॉप्टरवर ९ व्होल्ट लिहिलेलं असतं, पण ते जुने ट्रान्सफॉर्मरवाले अ‍ॅडॉप्टर. लोड नसताना मीटर लावलं तर १३-१४ दाखवतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. डब्यात ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो, तो वरून आलेल्याचे ५ व्होल्ट करून देतो आणि उरलेलं उष्णता करून टाकतो. तासभर खेळलं की डबा एका अंगाने तापायचा आणि घरातली मोठी माणसं "बंद करा, मशीन गरम झालं" म्हणून ओरडायची, ते यामुळे. पिनेचा प्लस आत की बाहेर हे मात्र बघावं लागतं. याआधी एका पोराने सेट-टॉप बॉक्सचा अ‍ॅडॉप्टर घातला होता आणि डबा कायमचा शांत झाला होता.

मग कॅसेट. मी हात पुढे करायच्या आत साहेबांनी ती उलटी धरली आणि तिच्या पट्टीवर जोरात फुंकर मारली. बँकेतला माणूस, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पण कॅसेट हातात आली की फुंकर आपोआप निघते. मी अजून एकही माणूस असा पाहिला नाही की ज्याने लहानपणी हे केलं नाही. फुंकरेने धूळ फारशी जात नाही, तोंडातली ओल मात्र तांब्याच्या पट्ट्यांना लागते. खरा गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने: त्या ६० पट्ट्या सॉकेटच्या पत्र्यांना परत घासतात. मी खोडरबर फिरवतो, वर आयसोप्रोपिलचा बोळा. साहेबांना तसं सांगितलंही. ऐकून घेतलं आणि दुसऱ्या कॅसेटला पुन्हा फुंकर मारली.

दुकानात माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात एक चौदा इंची कलर टीव्ही आहे, पिक्चर ट्यूबचा. डब्यातून निघालेली वायर त्याच्या अँटेनाच्या भोकात घातली, सर्च लावला. आधी मुंग्या, मग मुंग्यांतून निळं आकाश, हिरवे डोंगर आणि टोपीवाला मारिओ. साहेबांनी मुलाला पुढे ओढलं. "बघ! हेच!"

मी पावतीवर तारीख टाकली, नाव टाकलं, आणि बिघाडाच्या रकान्यापाशी थांबलो.

ही वायर काय भानगड आहे ते सांगायला हवं. निन्टेन्डोने जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी फॅमिकॉम नावाचं मशीन आणलं. आपल्या घरोघरी आलेले बहुतेक डबे त्याच्या नकला, आत तैवानच्या यूएमसी कंपनीच्या चिपा. साहेबांच्या डब्यात अशा दोन चिपा होत्या. नंतरच्या डब्यांत सगळा संसार डांबराच्या थेंबासारख्या एका काळ्या गोळ्याखाली गेला. त्या काळच्या टीव्हीला बाहेरून चित्र आत घ्यायची एकच वाट होती, अँटेना. म्हणून डब्यात मॉड्युलेटर नावाची एक पत्र्याची डबी असायची. ती चित्र आणि आवाज घेऊन त्यांना व्हीएचएफच्या एका चॅनलवर चढवायची. थोडक्यात, डबा म्हणजे एका घरापुरतं दूरदर्शन केंद्र, आणि टीव्ही समजायचा की हे कुठूनतरी हवेतूनच येतंय.

नवा टीव्ही असा फसत नाही. अँटेनाचं भोक बहुतेकांना अजून असतं, साहेबांच्याही होतं, फक्त भिंतीच्या बाजूला असल्याने त्यांना सापडलं नव्हतं. पण सिग्नल जरा जरी कमकुवत किंवा वेडावाकडा वाटला की नवा टीव्ही पडदा निळा करतो आणि 'सिग्नल नाही' लिहून मोकळा होतो. जुना टीव्ही मुंग्यांसकट जे येईल ते दाखवायचा. त्या मुंग्यांमध्ये बघूनच तर आम्ही ट्यूनिंग करायचो. निळ्या पडद्यात बघून काय करणार?

तेव्हा डबा उघडला. पत्र्याच्या डबीत शिरायच्या आधीच चित्राची तार पकडायची आणि बाहेर काढायची. चिपमधून निघणारं चित्र नाजूक असतं, त्याला थेट लांब वायरीवर घातलं तर अंधूक होतं. मध्ये एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लागतो. मागच्या बाजूला दोन भोकं पाडून पिवळं आणि पांढरं सॉकेट बसवलं. तासाभराचं काम. टीव्हीतलं हाय व्होल्टेज शोधून बोटं भाजून घेतलेल्या माणसाला हे म्हणजे शिलाई मशीनची वादी बदलण्यासारखं वाटलं. साहेबांना म्हटलं, झालं, घरी न्या, पिवळी पिन पिवळ्यात लावा.

संध्याकाळी फोन. "भाऊ, मागे पिवळं भोकच नाही."

आणि इथून पुढे माझे दोन दिवस गेले. त्यात दोष माझाच, दुसऱ्या कोणाचा नाही.

नव्या टीव्हींची पाठ इतकी पातळ झालीय की तीन मोठ्या सॉकेटांना जागा उरली नाही. त्याऐवजी हेडफोनसारखं एक बारीक भोक देतात, शेजारी 'एव्ही' लिहिलेलं. त्यात घालायच्या पिनेला चार कड्या: दोन आवाजाच्या, एक चित्राची, एक अर्थची. माझ्या खणात अशी वायर होती, जुन्या कुठल्यातरी व्हिडिओ कॅमेऱ्याबरोबर आलेली. ती घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. लावली. पडदा काळा आणि स्पीकरमधून भुंग्यासारखी भुणभुण. मला वाटलं माझा ट्रान्झिस्टर गेला. डबा परत दुकानात आणला, ट्रान्झिस्टर बदलला. चौदा इंचीच्या पिवळ्या भोकात लावला, उत्तम. परत त्यांच्याकडे नेला, परत भुणभुण. वहिनींनी दुसऱ्यांदा चहा केला तेव्हा मला लाज वाटू लागली होती.

घरी येऊन जेवताना मुलीला सांगितलं. ती पुण्यात डिप्लोमाला होती, सुट्टीत घरी आलेली. म्हणाली, "बाबा, त्या चार कड्यांचा क्रम सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. कोणाचं चित्र शेवटच्या कडीवर, कोणाचं दुसऱ्या. तुमचं चित्र आवाजात गेलंय." म्हणजे मी जी भुणभुण ऐकत होतो ती मारिओच होता, कानाने ऐकलेला. सेकंदाला ५० वेळा बदलणारं चित्र स्पीकरमध्ये घातलं की तसाच आवाज येणार. दुसऱ्या दिवशी लाल पिन पिवळ्याच्या जागी लावली आणि चित्र आलं. ट्रान्झिस्टर पहिल्यापासून ठणठणीत होता.

या बारीक भोकाच्या आधीची एक पिढी आहे, तिचाही एक चकवा सांगून ठेवतो. काही टीव्हींना पिवळं सॉकेट वेगळं नसतं; हिरवं, निळं, लाल अशी तीन असतात आणि पिवळी पिन हिरव्यात घालायची असते. मेनूत 'एव्ही'ऐवजी 'कंपोनंट' निवडलं की चित्र येतं, पण काळंपांढरं. लोक म्हणतात, रंग उडाले, गेम म्हातारा झाला. मेनूत एक ओळ खाली आलं की रंग परत.

आणि ज्यांच्या टीव्हीला यातलं काहीच नाही, फक्त एचडीएमआय, त्यांच्यासाठी कन्व्हर्टर. काडेपेटीपेक्षा जरा मोठी प्लॅस्टिकची डबी, यूएसबीवर चालणारी. पुण्याच्या तपकीर गल्लीत ढिगाने मिळते. पहिल्यांदा मी खास एसटीने जाऊन चार घेऊन आलो. घरी येऊन जोडल्या तर एकही चालेना. डबी तीच, रंग तोच, सॉकेटंही तीच, पण माझ्या डब्या एचडीएमआयचं एव्ही करणाऱ्या होत्या. मला एव्हीचं एचडीएमआय करणारी पाहिजे होती. वर इंग्रजीत दोन शब्द आणि मध्ये '२' एवढंच छापलेलं, आणि कोणता शब्द आधी यावरच सगळं. एसटीचं परतीचं तिकीट पुन्हा काढलं.

हे सगळं जोडण्याचं झालं. मला वाटलं होतं काम इथे संपतं. साहेबांचा पुन्हा फोन आला तो आठ दिवसांनी, आणि आवाज जरा ओशाळलेला होता.

"चालतंय हो. पण असं नव्हतं."

गिऱ्हाइकाचं 'असं नव्हतं' आम्ही कारागीर फारसं मनावर घेत नाही. माणसाची आठवण आणि पिक्चर ट्यूबचा रंग, दोन्ही काळाने उतरतात. तरी गेलो. तक्रार काय म्हणून विचारलं तर त्यांनी काँट्रा हा गेम लावला. "बघा. मला गोळी लागते, पण गोळी दिसत नाही."

मी सोफ्यावर बसून नीट बघितलं. खरंच दिसत नव्हती. कधी दिसलीच तर कंगव्याच्या दातांसारखी पट्ट्यापट्ट्यांची. मारिओला कासवाचा धक्का लागला की तो काही क्षण लुकलुकतो. इथे तो मधेच गायब होत होता आणि नंतर भलतीकडे उगवत होता. आणि उडी. बटण दाबल्यावर मारिओ जणू 'बघतो, उडतो' असा विचार करून उडायचा. पहिल्याच खड्ड्यात साहेब तीनदा पडले. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्हाला येत नाही." तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

याचं उत्तर शोधायला मला आयटीआयची वही माळ्यावरून काढावी लागली. आमच्या रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या मास्तरांनी फळ्यावर काढलेलं पालचं, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं, चित्र तिच्यात होतं: ६२५ ओळी, पण एका दमात नाही. आधी साडेतीनशे बारा... चुकलो, साडेबारा वर तीनशे, ३१२.५ ओळी एका फेरीत, मग तेवढ्याच दुसऱ्या फेरीत. सेकंदाला ५० फेऱ्या. त्या शेवटच्या अर्ध्या ओळीतच सगळी गंमत आहे. पहिली फेरी अर्ध्या ओळीवर संपते, म्हणून दुसरी फेरी पहिल्या फेरीच्या ओळींच्या बरोबर मधल्या फटींत पडते. विणकामात एक घर सोडून सुई घालावी तसं. मास्तरांनी ही अर्धी ओळ आम्हाला पाठ करायला लावली होती आणि पुढे तीस वर्षं ती मला एकदाही उपयोगी पडली नव्हती.

गेमचा डबा अर्धी ओळ पाठवत नाही. तो सरळ ३१२ पाठवतो. त्याला फटी भरायच्याच नसतात. प्रत्येक फेरी मागच्या फेरीच्याच ओळींवर पडावी आणि मधल्या फटी काळ्या राहाव्यात, अशी त्याची रचना. जुन्या टीव्हीला याचं सोयरसुतक नव्हतं. किरण सोडायचा, तो जिथे पडेल तिथे फॉस्फर उजळायचा. नवा टीव्ही मात्र हिशेबी. पिवळ्या वायरीतून आलंय म्हणजे ६२५वालं असणार, असं धरून तो लागोपाठच्या दोन फेऱ्या एकमेकींत विणतो आणि एक पूर्ण चित्र करतो. त्या दोन फेऱ्या म्हणजे खरं तर दोन वेगवेगळी चित्रं असतात. हलणारी वस्तू एकीत इथे, दुसरीत तिथे. म्हणून ते कंगव्याचे दात.

गोळीचं कारण आणखी आतलं आहे. ती चिप एका आडव्या ओळीवर आठच हलती चित्रं काढू शकते. नववं आलं की ते दिसतच नाही. गेम लिहिणाऱ्यांनी यावर तोड काढली: या फेरीत ह्या आठांना दाखवा, पुढच्या फेरीत त्या आठांना. पिक्चर ट्यूबवर सगळेच जरा लुकलुकते दिसायचे, पण दिसायचे. नव्या टीव्हीने दोन फेऱ्यांचं एक चित्र करताना एकीतली गोळी खाल्ली की माणूस न दिसलेल्या गोळीने मरतो. साहेबांची तक्रार अक्षरशः खरी होती.

उशिराचं कारण त्यामानाने साधं. विणणं, मोठं करणं, रंग सजवणं, हे सगळं करायला टीव्हीला चित्र अडवून ठेवावं लागतं. बातम्या बघताना सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तर कोणाला कळतंय? पण सेकंदाला ५० फेऱ्या धरल्या तर तेवढ्यात पाच फेऱ्या होऊन जातात, आणि मारिओच्या खड्ड्याला पाच फेऱ्या पुष्कळ झाल्या. मेनूत शोधून 'गेम मोड' चालू केला. उडी बरीच सुधारली. पडदाभर ताणलेलं चित्रही चारास तीनच्या मापात आणलं, म्हणजे मारिओ जाडा दिसायचा थांबला. गोळीचं मात्र काही करता आलं नाही.

"आणि बंदूक?" मुलाने विचारलं.

बंदूक चालणार नव्हती, आणि ते त्याला समजावणं सगळ्यात अवघड गेलं. बदकांचा गेम, डक हंट, १९८४चा. आपल्याला वाटायचं बंदुकीतून टीव्हीकडे काहीतरी जातं. जात काहीच नाही. बंदुकीच्या नळीत प्रकाश बघणारा एक डोळा आहे. घोडा दाबला की गेम क्षणभर पडदा काळा करतो, आणि लगेच पुढच्या फेरीत बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. डोळ्याला काळ्यानंतर पांढरं दिसलं की बदक पडलं. हे सगळं दोन-चार फेऱ्यांत उरकायचं असतं, आणि त्या डोळ्याला ट्यूबचाच प्रकाश ओळखता येतो, ओळीमागून ओळ असा धडधडत येणारा. नवा टीव्ही तो पांढरा चौकोन उशिरा दाखवतो, तोवर गेमने 'नेम चुकला' म्हणून वहीत लिहिलेलं असतं. कुत्रा गवतातून वर येऊन हसतो. मुलाने पडद्याला नळी टेकवून गोळी झाडली तरी कुत्रा हसलाच.

तिसरी गोष्ट साहेबांनी सांगितली ती मला सगळ्यात जास्त आवडली. त्यांनी मुलाला फोनवर हाच मारिओ दाखवला होता आणि तो त्यांना 'फास्ट' वाटला. गाणंसुद्धा घाईत. "मोबाइलवाल्यांनी स्पीड वाढवलाय का?"

वाढवला नव्हता. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० फेऱ्या मारतो, आपल्याकडे ५०. गेमचं सगळं चालणं फेऱ्यांवर मोजलेलं: दर फेरीला मारिओ इतका पुढे, दर फेरीला गाण्याचा काटा इतका पुढे. ६०च्या जागी ५० झाल्या की सगळं सहाव्या हिश्श्याने संथ. आपल्या नकली डब्यांच्या चिपांनी सूर जवळपास मूळचा सांभाळला होता, लय तेवढी विलंबित झाली. म्हणजे साताऱ्यात, सोलापुरात, अकोल्यात मे महिन्याच्या सुट्टीत आख्ख्या पिढीने जो मारिओ खेळला तो जपानी पोरांच्या मारिओपेक्षा सावकाश चालणारा होता. साहेब थोडे खट्टू झाले. मी म्हटलं, खट्टू कशाला, आपल्याला तेवढाच जास्त वेळ खेळायला मिळाला.

त्यानंतर एकमेकांच्या तोंडून ऐकून लोक येत गेले. सगळ्यांचं सांगत बसत नाही. प्लेस्टेशन टू घेऊन येणारे बरेच. ते मशीन २००० सालचं, त्याला तीन वायरींचं कंपोनंट असतं आणि चित्र चांगलं येतं. फक्त मशीनच्या आतल्या मेनूत एक सेटिंग चुकीचं असलं की पडद्यावरचे रंग पार भलतेच होतात, आणि ते सेटिंग बदलायला पडदा दिसावा तर लागतो! तेव्हा आधी पिवळी वायर लावायची, मेनूत जाऊन बदलायचं, मग पिवळी काढून तीन वायरी. अशा कामाचे पैसे मागताना मला अवघडल्यासारखं होतं. पण डॉक्टरही नुसतं 'काही झालेलं नाही' सांगायचे पैसे घेतातच.

एक इंजिनिअर अमेरिकेतून सुट्टीवर आले होते. त्यांच्याकडे याच कामासाठी बनवलेला स्केलर होता, रेट्रोटिंक. त्याच्या किमतीत आमच्याकडे बरा टीव्ही येतो. त्यांच्या जुन्या घरातल्या डब्याला मी पिवळं सॉकेट काढून दिलं आणि बदल्यात ती चीज अर्धा तास बघायला मिळाली. तिला ३१२ आणि ३१२.५ मधला फरक कळत होता! ती फेऱ्या विणत नव्हती, प्रत्येक फेरी स्वतंत्र चित्र म्हणून घेत होती आणि प्रत्येक ओळ अनेकदा लिहून मोठी करत होती. गेमच्या २४० ओळी, फोर-केच्या २१६०. बरोबर नऊपट, एकही ओळ तुटत नाही. साध्या फुल एचडीच्या १०८० ओळींत तेच गणित साडेचारपटीवर अडतं. काँट्राच्या गोळ्या सगळ्या दिसल्या. मास्तरांची अर्धी ओळ कोणीतरी दूर देशी बसून लक्षात ठेवली होती, याचा मला उगाच आनंद झाला.

त्यांनी विचारलं, "काका, डब्यातूनच सरळ एचडीएमआय काढता नाही का येणार?" म्हटलं, अहो, ह्या चिपमध्ये लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंग कुठे बाहेर येतच नाहीत, ती एकत्र केलेलं चित्रच बाहेर टाकते. चहात विरघळलेली साखर मला वेगळी काढून मागताय.

पिक्चर ट्यूबचे टीव्ही माझ्याकडे एकेकाळी छताला टेकतील एवढे होते. लोक नवा घ्यायचे आणि जुना माझ्याकडे टाकून जायचे, 'पार्टला उपयोगी पडेल' म्हणून. नऊ-दहा वर्षांपूर्वी जागा होईना म्हणून सगळे एकदम भंगारवाल्याला दिले. औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचे, ओनिडाचे, बीपीएलचे. त्याला ट्यूबशी देणंघेणं नव्हतं, काचेत शिसं असतं म्हणून ती त्याला डोकेदुखीच. त्याला हवं होतं योकमधलं आणि कॉइलमधलं तांबं. टेम्पो भरताना एक ट्यूब मान मोडून फुस्स झाली. तेव्हा हायसं वाटलं होतं, दुकान मोकळं झालं म्हणून. आता महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतं, एखादा जुना एकवीस इंची आहे का हो? चौदा इंची तेवढा वाचला, कारण तो टेबलावर चालू होता.

बँकेतले साहेब मुलाला घेऊन गेल्या महिन्यात पुन्हा आले. पिशवीत डबा, बंदूक आणि बदकांची कॅसेट. काही बिघडलेलं नव्हतं. मुलाने घरी हट्ट धरला होता, आणि त्या चौदा इंचीची त्याला आठवण होती. मी स्टूल ओढून दिलं, टीव्ही चालू केला. मुलगा बंदूक घेऊन बसला आणि लगेच कानावर हात ठेवून माझ्याकडे बघायला लागला.

"काका, हा टीव्ही शिट्टी वाजवतोय."

मी ऐकलं. काहीच नाही. साहेबांनी ऐकलं, मान हलवली, त्यांनाही काही नाही. मग लक्षात आलं. पडद्यावर ओळी काढणाऱ्या भागाची, लाइन सेक्शनची शिट्टी, सेकंदाला १५,६२५ ओळी, त्याच वारंवारितेची. आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हा मी नुसत्या कानाने सांगायचो की टीव्हीचा लाइन सेक्शन चालतोय की नाही, मीटर नंतर. गिऱ्हाइकाला ते जादू वाटायचं. ती ऐकू येणं कधी बंद झालं ते मला कळलंच नव्हतं. मी इतकी वर्षं धरून चाललो होतो की हा टीव्ही हल्ली शांत झालाय.

बदक उडालं. मुलाने घोडा दाबला, पडदा लखकन काळा-पांढरा झाला आणि बदक फडफडत खाली आलं. कुत्र्याने ते मानेला धरून वर दाखवलं. मुलगा ओरडला, साहेब त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले, बाहेरून जाणारा एकजण डोकावून गेला.

टेबलावर दुसरा एक सेट उघडून पडला होता, कोणीतरी गावाकडून आणलेला एकवीस इंची. त्याचा लाइन सेक्शन मधूनच बंद पडत होता आणि मी सकाळपासून प्रत्येक वेळी मीटर लावून बघत होतो. डाव संपल्यावर मुलाला हाक मारली.

"इकडे ये जरा. मी हा चालू करतो, तू फक्त सांग, शिट्टी आली का."

मी बटण दाबलं. तो मान तिरकी करून ऐकू लागला.

"आली," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "गेली."